जुनी लढाऊ विमाने : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ला निरोप दिला गेला आणि तेव्हापासून या सदराकडे जुन्या लढाऊ विमानांविषयीची पत्रे वाढली. ग्वाल्हेरकरांना हे वेड तसे नवे नाही. महाराजपुऱ्याच्या धावपट्टीवर १९८५ पासून मिराज आहेत, आणि मुरारमध्ये वर्ग घेणाऱ्याला अजूनही मधूनच वाक्य अर्ध्यावर थांबवावे लागते. त्यामुळे या वेळी बहुतेक पत्रे ग्वाल्हेरची आहेत, एकेक इंदूर आणि बडोद्याचे.

आमच्या महाविद्यालयाच्या आवारात निवृत्त मिग-२१ उभे आहे. पंखांच्या खालचा रंग फुगला आहे, कॅनॉपीवर (कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणावर) बारीक रेघांचे जाळे पडले आहे, टायर बसले आहेत. संचालक म्हणतात, रंग मारून घ्या. एवढ्याने भागेल का?
— एक प्राध्यापक, ग्वाल्हेर

रंगाच्या आधी खुर्ची बघा. कॉकपिटमधली इजेक्शन सीट काडतुसांच्या जोरावर उडते, आणि विमान निवृत्त झाले म्हणून काडतूस निवृत्त होत नाही. विमान देण्यापूर्वी काडतुसे काढायची असतात. पण तसे लेखी प्रमाणपत्र तुमच्या फाइलमध्ये आहे का, ते पाहा. त्यात सीट, कॅनॉपी उडवण्याची यंत्रणा, बाहेरच्या टाक्या सोडण्याची यंत्रणा आणि आग विझवण्याच्या बाटल्या यांचा वेगवेगळा उल्लेख हवा. मिगचे ब्रेक दाबाच्या हवेवर चालतात, म्हणून हवेच्या आणि ऑक्सिजनच्या बाटल्या रिकाम्या केल्याची नोंदही हवी. कागद नसेल तर मागवा, आणि तो हाती येईपर्यंत कॉकपिटला कुलूप लावा. स्नेहसंमेलनाच्या दिवशी मुलांना आत बसवून फोटो काढायचे असतील तर हे आधी.

आता रंग. अॅल्युमिनियमचा गंज पांढरा असतो आणि तो रंगाच्या खाली वाढतो. वरून नवा हात मारला की तो झाकला जातो, थांबत नाही. फुगलेला भाग प्लास्टिकच्या किंवा लाकडी पट्टीने हलकेच उचला. खाली नुसती पांढरी पूड असेल तर काम सोपे आहे. पण पत्र्याची कड खारी बिस्किटासारखी पदर सुटून आली असेल, तर गंज धातूच्या आत शिरला आहे. तिथे तो भाग शुद्ध धातू लागेपर्यंत घासावा लागतो आणि पत्रा फार पातळ झाला तर ठिगळ लावावे लागते. हे सर्वांत आधी सापडते ते लोखंडी बोल्टभोवती आणि पंख धडाला मिळतो त्या खाचेत. लोखंड आणि अॅल्युमिनियम एकमेकांना लागून असले आणि मध्ये पाणी आले की अॅल्युमिनियम झिजते. म्हणून पडलेल्या स्क्रूच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातला साधा स्क्रू कोरडा पिळू नका. कॅडमियम मुलामा असलेला घ्या आणि ओल्या प्रायमरमध्ये बुडवून बसवा.

रंग काढायला सँडब्लास्टिंग करू नका. मिलिमीटरभर जाडीचा पत्रा त्याने ताणला जातो, शिवाय पत्र्यावरचा शुद्ध अॅल्युमिनियमचा संरक्षक थर उडतो. कॉस्टिक सोड्याचा रिमूव्हर तर अॅल्युमिनियमच खातो. डब्यावर अॅल्युमिनियमला चालतो असे छापलेलाच आणा. स्टील वूल आणि तारेचा ब्रश दोन्ही वर्ज्य, कारण लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि पहिल्या पावसात तांबडे डाग उमटतात. नायलॉनचा घासणीपॅड पुरतो. घासून झाल्यावर फॉस्फोरिक आम्लाच्या पातळ क्लीनरने पुसा आणि भरपूर पाण्याने धुवा. धुताना पाणी कसे उतरते ते बघा. सलग पडदा धरून उतरले तर पत्रा स्वच्छ आहे. थेंब-थेंब तुटत असेल तर तेल शिल्लक आहे, पुन्हा धुवा. ही चाचणी फुकट आहे, तरी कोणी करत नाही, आणि रंग दोन वर्षांत सोलून निघतो.

पत्रा सुकला की त्याच दिवशी प्रायमर. उडणाऱ्या विमानांना क्रोमेटचा थर देतात, पण त्यातले क्रोमियम कर्करोगकारक आहे. विद्यार्थ्यांच्या हाती ते देऊ नये. उभ्या विमानाला क्रोमियमविरहित एच (etch, म्हणजे पत्र्याला किंचित खाऊन घट्ट धरणारा) प्रायमर, त्यावर इपॉक्सी आणि वरून पॉलियुरेथेन चालते. मापाचा अंदाज असा : मिगच्या पंखांचे क्षेत्रफळ २३ चौरस मीटर, म्हणजे वर-खाली मिळून ४६. निम्मे घन द्रव्य असलेला प्रायमर २५ मायक्रॉन जाडीने मारला तर हिशेबाने एका लिटरमध्ये २० चौरस मीटर होतात. फवाऱ्यात निम्मा वाया जातो असे धरा, म्हणजे हाती १० उरतात. तेव्हा फक्त पंखांना पाच लिटर ठेवा. पॉलियुरेथेन ५० मायक्रॉनने मारायचे तर त्याच्या दुप्पट.

हंगाम महत्त्वाचा आहे. मेमध्ये ग्वाल्हेरला पत्रा दुपारी हात लावू देत नाही. फवाऱ्यातला रंग पोहोचण्याआधीच सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. जानेवारीच्या धुक्यात पत्र्यावर दव धरते. ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर हा काळ उत्तम, आणि काम ऊन चढण्याआधी. पाहुणे येणार म्हणून आदल्या रात्री ऑइल पेंट फासणे ही आपल्याकडची खास परंपरा आहे. ती पाळायचीच असेल तर कुंपणावर पाळा.

टायरचे म्हणाल तर नवे आणून उपयोग नाही, तेही बसतील. रिकामे मिगसुद्धा पाच टनांच्या वर भरते. विमानाच्या खाली जॅक लावण्याच्या तीन जागा खुणा करून दिलेल्या असतात, दोन पंखांखाली आणि एक नाकाखाली. तिथेच लोखंडी टेकू द्या, दुसरीकडे नाही, कारण बाकी ठिकाणी नुसता पत्रा आहे. टेकू आणि विमान यांच्या मध्ये निओप्रीनची जाड पट्टी हवी. टायर जमिनीला फक्त टेकेल इतकेच विमान उचला. टेकूचा पाया काँक्रीटमध्ये बोल्टने जखडा. पावसाआधीच्या आंधीत त्रिकोणी पंख वर उचलला जातो, हे स्थापत्य विभागाला सांगून त्यांच्याकडून हिशेब करून घ्या. जुन्या विमानांची चाके बऱ्याचदा मॅग्नेशियम मिश्रधातूची असतात, ती साचलेल्या पाण्यात फार लवकर जातात. ओट्याला उतार द्या.

कॅनॉपीवरचे जाळे म्हणजे क्रेझिंग. उन्हाने आणि चुकीच्या धुण्याने ते पडते. वरवरचे असेल तर प्लास्टिक पॉलिशने कमी होते, खोल गेलेले जात नाही. धुताना आधी भरपूर पाणी ओता, मग उघड्या हाताने सौम्य साबण लावा, कारण कापडाखाली धूळ अडकली की तीच ओरखडे काढते. पेट्रोल, थिनर, अमोनिया असलेला काच-क्लीनर यांतले काहीही नको. उन्हाळ्यात पांढऱ्या सुती कापडाची खोळ घाला. प्लास्टिकची ताडपत्री घातलीत तर आत घाम धरतो.

शेवटचे आणि सर्वांत स्वस्त काम : पोटाखाली पाणी निघून जायची बारीक भोके असतात. धूळ, गांधीलमाशीची माती आणि चिमण्यांचे गवत यांनी ती बुजतात आणि धड आतून भरते. बांबूच्या काडीने ती मोकळी करा. खिळा घालू नका. नाकाचे आणि शेपटीचे तोंड बंद करताना जाळी लावा, म्हणजे पक्षी बाहेर राहतील आणि हवा आत खेळेल.

असे एखादे मिग खासगी खर्चाने पुन्हा उडवता येईल का? अमेरिकेत उडवतात असे वाचले.
— एक विद्यार्थी, कंपू, ग्वाल्हेर

ते विमान नाही उडवता येणार. सांगाड्याचे आणि इंजिनाचे ठरलेले तास संपल्यावरच विमान निवृत्त होते, आणि बाहेर देताना ते उडण्यालायक राहणार नाही असे करून देतात. अमेरिकेत जी उडतात ती वेगळ्या वाटेने तिथे गेलेली, कागदपत्रांसह विकली गेलेली विमाने आहेत. त्यांना ‘एक्सपेरिमेंटल – एक्झिबिशन’ या वर्गात परवाना मिळतो. ब्रिटनमध्ये अशाच कामासाठी ‘परमिट टु फ्लाय’ असतो. आपल्याकडे नागरी नोंदणी आणि उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र डीजीसीएकडून (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून) घ्यावे लागते, आणि १ जानेवारी २०२५ पासून १९३४च्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम लागू आहे. पण अडचण कायद्याची कमी, भागांची जास्त. प्रत्येक पंप, नळी, बेअरिंग कुठून आले, किती तास चालले, कोणी तपासले, याचा सलग कागद लागतो. भाग चांगला असून कागद नसेल तर तो उडत्या विमानात बसत नाही.

दुसऱ्या महायुद्धात बडोदे संस्थानाच्या नावाची ब्रिटिश स्क्वाड्रन स्पिटफायर उडवत होती असे आजोबा सांगत. ‘जीर्णोद्धार करून पुन्हा उडवलेले स्पिटफायर’ म्हणतात, त्यात मूळचे किती उरलेले असते?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

आजोबा बरोबर सांगत. ब्रिटिश हवाई दलाची १२४वी स्क्वाड्रन ‘बरोडा’ या नावाने ओळखली जाई. संस्थानाने दिलेल्या देणगीवरून ते नाव पडले.

मूळचे किती हे विमानागणिक बदलते, आणि त्यावरून जाणकारांत भांडणेही होतात. काही विमानांत अर्ध्याहून अधिक धातू जुना असतो. काहींत फक्त क्रमांकाची पाटी, काही जोडपट्ट्या आणि इतिहास एवढेच जुने. आमच्या मते याचा निवाडा विमान कुठे झिजले होते त्यावर करावा. पाटी जुनी आहे की नवी, हा मुद्दा दुय्यम आहे.

स्पिटफायरच्या पंखाचा मुख्य स्पार, म्हणजे पंखाचा कणा, बघा. त्याच्या वरच्या आणि खालच्या कडा चौकोनी नळ्यांच्या आहेत, एकीत एक घट्ट बसवलेल्या. धडाजवळ पाच नळ्या, आणि टोकाकडे जाताना एकेक कमी. रचना सुरेख आहे, वजनाला हलकी आणि मुळाशी मजबूत. पण दोन नळ्यांच्या मध्ये ओल शिरली तर आतला गंज बाहेरून दिसत नाही. ऐंशी वर्षांच्या नळ्यांवर कोणी जबाबदार माणूस सही करत नाही, म्हणून उडायचे असेल तर स्पार नवा. पत्रे जोडणारे रिव्हेटही नवे. ड्युरॅल्युमिनचे काही रिव्हेट भट्टीतून काढल्यावर मऊ असतात आणि थोड्याच तासांत कडक होतात. म्हणून ते फ्रिजमध्ये थंड ठेवून लागतील तसे बाहेर काढतात. उशीर झालेला रिव्हेट ठोकला की डोक्याला चीर जाते.

कामाचा क्रम साधारण असा. आधी पूर्ण मोजणी आणि फोटो, मग सुटे करणे. त्यानंतर धड जिगमध्ये (आकार धरून ठेवणाऱ्या पक्क्या चौकटीत) घट्ट बांधतात, कारण एकदा पत्रे काढले की सांगाडा पिळतो आणि तो पीळ पुढे पंखांच्या कोनात निघतो. आत रंग, नळ्या, तारा, नियंत्रणाच्या केबली झाल्या की मगच वरचा पत्रा बंद. पंख वेगळ्या जिगवर. सगळे जुळल्यावर वजन आणि गुरुत्वमध्य, मग जमिनीवर इंजिन, मग टॅक्सी (विमान जमिनीवर चालवून पाहणे), आणि सर्वांत शेवटी उड्डाण. यात वर्षे जातात.

इंजिन हा वेगळा अध्याय. स्पिटफायरचे मर्लिन इंजिन २७ लिटरचे, १२ सिलिंडरचे, प्रत्येक सिलिंडरला दोन म्हणजे २४ स्पार्क प्लग. क्रँकशाफ्टला चुंबकीय तपासणी करून भेगा शोधतात. कूलंट ७० टक्के पाणी आणि ३० टक्के ग्लायकॉल. युद्धकाळी मार्क ९ या स्पिटफायरच्या इंजिनाला १८ पौंड बूस्ट (आत ढकललेल्या हवेचा जादा दाब) देत. आज हौशी मालक त्याच्या निम्म्याच्या आसपास थांबतात, त्याने इंजिन कितीतरी जास्त टिकते. खरा त्रास जमिनीवर होतो. रेडिएटर पंखाखाली आहेत आणि उभ्या विमानात त्यांना पुरेसा वारा मिळत नाही, त्यामुळे तापमान मिनिटांत चढते. तेल गरम व्हायला थांबायचे आणि कूलंट उकळायच्या आत उडायचे, एवढीच फट. बडोद्याच्या एप्रिलमध्ये ती फट अजून अरुंद होईल. त्यात नाक इतके लांब की समोरचे दिसत नाही. वैमानिक डावीकडे-उजवीकडे वळत वळत टॅक्सी करतो आणि तोवर काटा वर सरकतच असतो.

मार्क ९च्या मुख्य टाक्या ८५ गॅलनच्या, म्हणजे साधारण ३८५ लिटर. शांतपणे उडवले तरी तासाला १८० लिटरच्या आसपास जातात. राखीव इंधन सोडले की हाती जेमतेम दीड तास.

हार्वर्डचे इंजिन सुरू करण्यापूर्वी माणसे प्रोपेलर हाताने फिरवताना दिसतात. बॅटरी कमी असते म्हणून का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

नाही. हार्वर्ड या जुन्या प्रशिक्षण विमानाला ९ सिलिंडरचे गोल मांडणीचे वास्प इंजिन आहे. विमान उभे राहिले की तेल ओघळून खालच्या सिलिंडरमध्ये, पिस्टनच्या वर जमते. हवा दाबली जाते, तेल दाबले जात नाही. तशात स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. वाईट गोष्ट अशी की तो लगेच तुटत नाही. इंजिन सुरू होते, चांगले चालते, आणि रॉड पुढे कधीतरी हवेत तुटतो.

म्हणून आधी मॅग्नेटो (प्लगना ठिणगी देणारी यंत्रे) बंद आहेत याची खात्री, तरीही प्रोपेलर चालू विजेच्या तारेइतक्या सावधपणे हाताळायचा. इंजिनाच्या दोन फेऱ्यांत नऊही सिलिंडर एकदा दाब घेतात. इथे प्रोपेलर क्रँकला थेट जोडलेला आणि दोन पात्यांचा, तेव्हा चार पाती पुढे गेली पाहिजेत, सहा-आठ घ्यावीत. हाताला दाब लागतो, पण हळूहळू सुटतो. तो सुटला नाही, पाते जागच्या जागी अडले, तर जोर लावू नका. आणि उलटेही फिरवू नका, ही चूक फार होते. उलटे फिरवले की तेल इनटेकच्या नळीत ढकलले जाते आणि स्टार्टच्या वेळी परत आत ओढले जाते. खालच्या सिलिंडरचा एकेक प्लग काढा, खाली भांडे धरा, निथळू द्या.

विमान आठवड्यातून पाच मिनिटे ‘इंजिन मोकळे व्हावे’ म्हणून चालवण्याचाही काही उपयोग नाही. जळण्यातून पाणी तयार होते. तेल पुरेसे तापले नाही तर ते पाणी आतच राहते आणि सिलिंडर गंजतात. एक तर नीट उडवा, नाही तर संरक्षक तेल फवारून प्लगच्या जागी सिलिका जेलचे प्लग लावा. जेल निळ्याचे गुलाबी झाले की बदला.

व्हॅम्पायर हे जेट लाकडाचे होते हे खरे का?
— एक वाचक, मुरार

पुढचे धड, हो. बर्चच्या प्लायवुडच्या दोन थरांमध्ये बाल्सा, सगळे सरसाने जोडलेले. पंख आणि शेपटीचे दोन दांडे धातूचे. भारतीय हवाई दलात ते १९४८ मध्ये आले, आपले पहिले जेट. अशा विमानाला उघड्यावर ठेवणे म्हणजे जोड सुटण्याची वाट बघणे. ऊन-पाऊस पाळीपाळीने लागला की लाकूड फुगते-आकसते आणि सरस सोडतो. लाकडी हातोडीने ठोकत जावे. भरीव आवाज पोकळ झाला की तिथे थर सुटले आहेत.

भंगारवाल्याकडून जुन्या विमानाचे उंचीमापक घेतले. आकडे पिवळट-तपकिरी आहेत, अंधारात चमकत नाहीत. घरी खोलून साफ करू का?
— एक संग्राहक, लष्कर, ग्वाल्हेर

खोलू नका. हा रंग बहुधा रेडियमचा आहे. चमक गेली ती त्यातला झिंक सल्फाइड थकल्यामुळे. रेडियमचे अर्धे आयुष्य सुमारे १,६०० वर्षे आहे, ते जसेच्या तसे शिल्लक आहे. काच बंद असताना धोका कमी. काच काढून आकडे खरवडले तर पूड श्वासात जाते, आणि ती शरीरातून सहज निघत नाही. रेडियममधून रेडॉन वायूही सुटतो, म्हणून झोपण्याच्या खोलीत किंवा बंद कपाटात ठेवू नये. जाड प्लास्टिकच्या पिशवीत सील करा, वर चिठ्ठी लावा, मुलांच्या हाती लागणार नाही असे हवेशीर जागी ठेवा आणि विल्हेवाटीसाठी मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाला विचारा. भंगारात परत देणे हा उपाय नव्हे.

परदेशी एअर शोमध्ये जुनी जेट विमाने पूर्वीसारख्या कोलांट्या मारताना दिसत नाहीत. का?
— एक निवृत्त वायुसैनिक, ग्वाल्हेर

२२ ऑगस्ट २०१५ रोजी इंग्लंडमध्ये शोरहॅमला दोन आसनी हंटर जेट लूप (हवेतले उभे वर्तुळ) पूर्ण न करता महामार्गावर कोसळले, ११ जण गेले. सगळे जमिनीवरचे. चौकशीत निघाले की लूपमध्ये शिरताना वेग आणि इंजिनाचा जोर कमी होता, माथ्यावर उंची पुरेशी मिळाली नाही आणि तरीही वैमानिकाने लूप सोडला नाही. त्यानंतर ब्रिटनने जमिनीवरच्या प्रदर्शनात जुन्या लष्करी जेटच्या कसरतींवर कडक मर्यादा घातल्या. त्या योग्यच आहेत, असे आमचे मत.

भारतात उडती जुनी विमाने कुठे बघायला मिळतील?
— एक वाचक, थाटीपूर, ग्वाल्हेर

हवाई दलाच्या व्हिंटेज फ्लाइटकडे हिंडनला टायगर मॉथ, हार्वर्ड आणि डकोटा आहेत. ‘परशुराम’ नावाचा डकोटा ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन २०१८ मध्ये उडत इकडे आला. हवाई दल दिनाला त्यांच्याकडे लक्ष ठेवा. उभी बघायची तर दिल्लीचे पालम संग्रहालय : स्पिटफायर, हरिकेन, टेम्पेस्ट, लायसँडर. जगातली बरीचशी उरलेली लिबरेटर आणि टेम्पेस्ट विमाने मूळ भारतातून गेलेली आहेत, कारण इतरांनी ती केव्हाच वितळवली होती आणि आपल्याकडे ती कोपऱ्यात पडून राहिली.

पॉलिटेक्निकला आहे. या कामात यायचे तर सुरुवात कशाने करू?
— एक विद्यार्थिनी, ग्वाल्हेर

परवाना डीजीसीएचा एएमई (विमान देखभाल अभियंता). पिस्टन विमानांना बी १.२, टर्बाइनला बी १.१. पण हात बसतो तो पत्र्यावर. १ मिलिमीटरचे दोन अॅल्युमिनियम तुकडे आणि १/८ इंची रिव्हेट घ्या. ड्रिल ३० नंबरचे. भोकाचा मध्य कडेपासून रिव्हेटच्या व्यासाच्या दुप्पट तरी आत. भोकाची किनार दोन्ही बाजूंनी साफ करा, नाहीतर पत्रे एकमेकांना चिकटत नाहीत. रिव्हेट ठोकण्याआधी व्यासाच्या दीडपट बाहेर राहिला पाहिजे. ठोकल्यावर मागे तयार होणारे डोके दीड व्यास रुंद आणि अर्धा व्यास उंच. व्हर्नियरने मोजा, डोळ्याने नको. डोके तिरपे बसले तर पुढच्या, आधीपासून असलेल्या डोक्याच्या बरोबर मध्ये ३० नंबरनेच डोक्याच्या जाडीइतके भोक पाडा, पंचने डोके उडवा आणि दांडी मागे ढकला. भोक मोठे झाले असेल तर ५/३२चा रिव्हेट आणि २१ नंबरचे ड्रिल, मात्र कडेचे अंतर नव्या व्यासाने पुन्हा मोजून. ते पुरत नसेल तर तो तुकडा टाकून द्या आणि नवा कापा.